पस्तिशीनंतरचं बाळंतपण: वय नेमकं कशाचं मोजायचं?

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घराण्यात एखादी अशी आजी किंवा पणजी निघते, जिला शेवटचं मूल चाळिशीत झालं. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आणि त्याच वर्षी आईचाही पाळणा हललेला. मग मामा भाच्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान, आणि त्या शेंडेफळाचे लाड साऱ्या गोतावळ्याने केलेले. त्या काळी सोनोग्राफी नव्हती, लोहाच्या गोळ्या नव्हत्या. सुईण होती आणि चुलीवर तापवलेलं पाणी होतं. आज त्याच घरातली सून छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिवस गेले म्हणून दवाखान्यात जाते, तेव्हा केसपेपरवर 'हाय रिस्क' असा शेरा पडतो आणि तपासण्यांची यादी लांबते. घरी आल्यावर सासूबाई विचारतात, "आमच्या आत्याबाईंना बेचाळिसाव्या वर्षी झालं की! तेव्हा कुठे होते हे सगळे धोके?"

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. त्याला 'काळ बदलला' एवढंच उत्तर देऊन भागत नाही, कारण मूल होण्याच्या बाबतीत शरीर फारसं बदललेलं नाही.

आत्याबाईंच्या गोष्टीत कोण नाही

आत्याबाईंचं बेचाळिसाव्या वर्षीचं मूल हे बहुधा सातवं किंवा आठवं होतं. म्हणजे दिवस राहतात, गर्भ टिकतो, बाळंतपण सुखरूप होतं हे त्यांच्या शरीराने आधी सहा-सात वेळा सिद्ध केलं होतं. आजची छत्तिशीतली सून पहिलटकरीण आहे. या दोघींची तुलना मुळातच बरोबरीची नाही.

दुसरं असं की घराण्याच्या गोष्टी निवडून आलेल्या असतात. जिचं शेवटचं मूल चौतिसाव्या वर्षी झालं आणि मग पुन्हा काही राहिलंच नाही, तिची गोष्ट कुणी सांगत नाही. तीन महिन्यांत पडलेले गर्भ कुणी मोजले नाहीत. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या जागी वर्षभरात दुसरी आली आणि पुढची पिढी तिलाच आजी म्हणाली. २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. आत्याबाईंच्या काळात हा आकडा याच्या कित्येक पट होता.

मग निवडून न आलेली गोष्ट कुठे सापडेल? त्यासाठी अभ्यासकांनी उत्तर अमेरिकेतल्या हटराइट या ख्रिस्ती पंथाकडे पाहिलं. शेती करून एकत्र राहणारे हे लोक सुस्थितीत होते, आजारपणात डॉक्टरकडे जात, पण संततिनियमन त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. १९५७ मध्ये ख्रिस्तोफर टिट्झ यांनी त्यांच्या बाळंतपणांचा हिशेब मांडला. चौतिशीनंतर ११ टक्के स्त्रियांना पुन्हा मूल झालं नाही. चाळिशीनंतर ३३ टक्के स्त्रियांना झालं नाही आणि पंचेचाळिशीनंतर ८७ टक्के. शेवटच्या बाळंतपणाचं सरासरी वय होतं साधारण ४१.

म्हणजे चाळिशीतलं शेंडेफळ ही काही दंतकथा नव्हे. पण ते शेवटचं ठरलं ते बहुतेक वेळा नवरा-बायकोच्या संयमामुळे नाही, शरीरच थांबलं म्हणून. आत्याबाईंची गोष्ट खरी आहे आणि डॉक्टरांचा शेराही खरा आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असण्याचं कारण असं की 'आईचं वय' या एका आकड्यात आपण दोन वेगळी वयं कोंबतो. एक स्त्रीबीजाचं वय. दुसरं ते बीज रुजल्यावर नऊ महिने वाढवणाऱ्या शरीराचं. पहिल्यावर कुणाचाही इलाज चालत नाही. दुसऱ्यावर बराच चालतो. दवाखान्यात मिळणारे सल्ले, भीती आणि बिलं यांत नेमकी हीच दोन वयं एकमेकांत मिसळलेली असतात.

आजीच्या पोटात तयार झालेलं बीज

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत नव्याने तयार होत राहतात. स्त्रीचं तसं नाही. तिची सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्यातल्या मुलीच्या गर्भात साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मापर्यंत त्यांतली बरीचशी विरघळून दहा ते वीस लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. त्यातली आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे बाहेर पडतात. बाकीची न वापरताच संपतात. पाळी कायमची जाते तेव्हा हजारभर शिल्लक असतात.

याचा एक अर्थ विलक्षण आहे. छत्तिशीतल्या सुनेच्या पोटात आज जे बाळ आहे, त्याचं बीज सदतीस वर्षांपूर्वी तिच्या आईच्या पोटात तयार झालं होतं. बाळाचं वय नऊ महिने मोजा, पण त्या पेशीचं वय सुनेपेक्षाही काही महिन्यांनी जास्त आहे.

ही गळती कशानेही थांबत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्याने बीजं 'वाचतात' असा एक समज आहे. तो खरा नाही. गोळ्यांनी बीज बाहेर पडणं थांबतं, आतल्या आत विरघळणं चालूच राहतं. सिगारेट मात्र ही गळती वाढवते, त्यामुळे ओढणाऱ्या स्त्रियांची पाळी वर्ष-दोन वर्षं लवकर जाते.

संख्या घटते हे एक झालं. पण दर महिन्याला हवं असतं एकच बीज, आणि चाळिशीतही हजारो असतात. खरी अडचण संख्येची नाही, त्या बीजाच्या आत काय होतं याची आहे.

घडीवर विरणारं रेशीम

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. शरीर कसं घडवायचं याची सगळी माहिती त्यांत असते. बीजात मात्र प्रत्येक जोडीतलं एकेकच जायला हवं, म्हणजे २३. उरलेली २३ शुक्रजंतूकडून येतात आणि बाळाची ४६ पुरी होतात. जोडी सोडवून निम्मी करण्याचं हे काम मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि मध्येच थांबतं. जोड्या समोरासमोर येतात, एकमेकींना धरतात, आणि तशाच गोठून राहतात. पुढचं पाऊल पडतं ते बीज बाहेर पडण्याच्या दिवशी. कुणाचं पंधराव्या वर्षी, कुणाचं चाळिसाव्या. एवढा प्रदीर्घ थांबा घेणारी पेशी शरीरात क्वचितच दुसरी सापडेल.

या थांब्यात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवतं ते कोहेसिन नावाचं प्रथिनांचं कडं. ही कडी गर्भावस्थेत एकदा बसतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की ती झिजली तर बीज त्यांच्या जागी नवी बसवत नाही. पेटीत जपून ठेवलेली पैठणी आठवा. ती नेसली नाही म्हणून नवी राहते असं थोडंच आहे? वीस वर्षांनी उघडली तर पदर तसाच झळकतो, पण घडीच्या रेषेवर रेशीम विरलेलं असतं आणि झटकून उलगडायला गेलं तर नेमकं तिथेच फाटतं. बीजाचंही असंच होतं. इतकी वर्षं काहीच बिघडलेलं दिसत नाही. बीज बाहेर पडताना गुणसूत्रांना वेगळं व्हायचं असतं, त्या तासांत कमकुवत झालेली कडी वेळेआधी सुटतात. मग एखाद्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. बीजात २३ च्या जागी २४ किंवा २२ येतात आणि गर्भात ४७ किंवा ४५.

तरुणपणीही ही चूक होते. पंचविशीत ती कमी असते, पस्तिशीनंतर वेगाने वाढते आणि चाळिशीच्या आसपास तयार होणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. पुढच्या जवळजवळ सगळ्या आकड्यांचं मूळ हेच एक कारण आहे: दिवस राहायला लागणारा वेळ, पडणारे गर्भ, डाऊन सिंड्रोम.

दिवस राहण्याचं प्रमाण मात्र समजतात तितकं कोसळत नाही. युरोपातल्या सात शहरांत ७८२ जोडप्यांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिलेल्यांचं प्रमाण १९ ते २६ वयात ८ टक्के, २७ ते ३४ मध्ये १३-१४ टक्के आणि ३५ ते ३९ मध्ये १८ टक्के निघालं. अडतिसाव्या वर्षी 'आता उशीर झाला' म्हणून रडणाऱ्या मुलीला हा आकडा कुणीतरी सांगायला हवा. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी 'आजकाल होतं सगळं' म्हणणाऱ्या मैत्रिणीला हटराइटांचा.

पपईला दोष देऊ नका

नॉर्वेत प्रत्येक गरोदरपणाची नोंद राहते. तिथल्या २००९ ते २०१३ मधल्या नोंदी तपासून २०१९ मध्ये एक शोधनिबंध आला. पंचविशी ते तिशीच्या दरम्यान नैसर्गिक गर्भपाताचं प्रमाण १० टक्के होतं. पंचेचाळिशीपुढे ते ५३ टक्के झालं.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निदान निम्मे गुणसूत्रांच्या चुकीमुळे पडतात. सोळा क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त असणं ही त्यात सर्वांत जास्त आढळणारी चूक, आणि असं बाळ कधीच जन्माला येऊ शकत नाही. गर्भ रुजतो त्या दिवशीच त्याचं भवितव्य ठरलेलं असतं. तरीही आपल्या घरांत चौकशी सुरू होते ती बाईची: पपई खाल्ली का, स्कूटर चालवली का, बादली उचलली का, ऑफिसला जायची काय गरज होती? यातल्या कशानेही गुणसूत्र इकडचं तिकडे होत नाही. आधीच दुःखात असलेल्या बाईला यात गुन्हेगार ठरवलं जातं, आणि शिकल्यासवरलेल्या घरांतही हे सर्रास चालतं याची मला चीड येते. गर्भ पडल्यावर चार दिवस बाईला जेवायला वाढा आणि गप्प बसा.

३५ हा आकडा आला कुठून?

चौतीस वर्षं अकरा महिने सुरक्षित आणि पुढच्या महिन्यात धोका, असं शरीरात काहीही घडत नाही. मग पस्तिशीचीच रेघ का?

जॉन लँगडन डाऊन या ब्रिटिश डॉक्टरने १८६६ मध्ये एका विशिष्ट चेहरेपट्टीच्या, संथ गतीने शिकणाऱ्या मुलांचं वर्णन केलं; त्याच्याच नावावरून डाऊन सिंड्रोम. अशी मुलं मोठ्या वयाच्या पालकांना जास्त होतात हे पुढे लक्षात आलं. पण आई मोठी असते तेव्हा बापही बहुधा मोठाच असतो, मग कारण कोण? लायनेल पेनरोज यांनी १९३३ मध्ये आकडेमोड करून दोघांचं वय वेगळं काढलं आणि आईचंच वय महत्त्वाचं असल्याचं दाखवलं. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा मुलांत एक जास्तीचं गुणसूत्र सापडलं, ते एकविसावं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस गर्भजल सुईने काढून बाळाची गुणसूत्रं तपासता येऊ लागली. पण सुईमुळे गर्भ पडण्याची भीती होती, त्या वेळच्या अंदाजाने दोनशेत एक. सगळ्यांनाच सुई टोचणं शहाणपणाचं नव्हतं. मग बाळात दोष सापडण्याची शक्यता आणि सुईने गर्भ जाण्याची शक्यता ज्या वयात साधारण बरोबरीला येतात, ते वय धरलं गेलं. ते निघालं पस्तिशीच्या आसपास. म्हणजे ही रेघ सत्तरच्या दशकातल्या एका तपासणीच्या हिशेबातून आली. आता सुईचा धोका पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे. आईच्या साध्या रक्तावरून अंदाज देणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच सांगितलं की या तपासण्या वय न पाहता प्रत्येकीला देऊ कराव्यात. रेघ मात्र राहिली.

आपल्याकडे तर ती कायद्यात आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि १९९४ मध्ये तो देशाचा झाला. गर्भाच्या तपासण्या कोणत्या कारणांसाठी करता येतील याची यादी या केंद्रीय कायद्यात आहे, आणि तिच्यातलं पहिलंच कारण आहे 'गर्भवतीचं वय पस्तीसपेक्षा जास्त'.

चौकट: डाऊन सिंड्रोमचं बाळ जन्मण्याची साधारण शक्यता
आईचं वय २५: सुमारे १,२०० बाळांत १
आईचं वय ३०: सुमारे ९०० बाळांत १
आईचं वय ३५: सुमारे ३५० बाळांत १
आईचं वय ४०: सुमारे १०० बाळांत १
आईचं वय ४५: सुमारे ३० बाळांत १

चौकट दोन्ही बाजूंनी वाचावी. चाळिसाव्या वर्षी शक्यता पंचविशीच्या बारा पट होते, हे खरं. आणि चाळिसाव्या वर्षी शंभरातल्या ९९ बाळांना डाऊन सिंड्रोम नसतो, हेही तितकंच खरं. शिवाय एकूण बाळंतपणं तरुण वयातच जास्त होत असल्यामुळे डाऊन सिंड्रोमची बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. 'माझं वय कमी आहे, मला तपासणी कशाला' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

तपासण्यांचा क्रम असा असतो. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन. त्यात बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात. त्याच्या जोडीने डबल मार्कर ही रक्ततपासणी. किंवा दहाव्या आठवड्यानंतर एनआयपीटी, जिच्यात आईच्या रक्तात फिरणारे वारेचे जनुकीय तुकडे तपासतात. ही महाग आहे पण जास्त अचूक. या सगळ्या चाचण्या शक्यता सांगतात. 'हाय रिस्क' असा रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. निदान गर्भजल किंवा वारेचा तुकडा तपासूनच होतं, आणि त्याआधी कुठलाही निर्णय घेऊ नये. अठरा ते वीस आठवड्यांत बाळाचे अवयव पाहणारी सोनोग्राफी सगळ्यांनीच करायची असते.

उसन्या बीजाने दिलेला पुरावा

वर जी दोन वयं म्हटली, ती वेगळी आहेत हे कसं कळलं? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीचं बीज दुसरीच्या गर्भाशयात वाढवणं शक्य झालं, तेव्हा नकळत एक सुरेख प्रयोग घडला. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने स्वतःचं बीज वापरून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र) केलं तर मूल होण्याची शक्यता अगदी थोडी. तिच्याच गर्भाशयात पंचविशीतल्या मुलीचं बीज रुजवलं तर यश जवळजवळ पंचविशीइतकं. गर्भपाताचं आणि डाऊन सिंड्रोमचं प्रमाणही बीज देणारीच्या वयाप्रमाणे. गर्भाशय म्हातारं होत नाही असं नाही, पण बीजाच्या मानाने फारच हळू.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूने टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तेव्हापासून हे तंत्र आपल्याकडे भरपूर पसरलं. पुढे ते कुठे गेलं याचं टोक म्हणजे सप्टेंबर २०१९. आंध्र प्रदेशातल्या गुंटूरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीने उसन्या बीजावर जुळ्या मुलींना जन्म दिला. पेपरांनी 'चमत्कार' असे मथळे दिले. मला त्यात चमत्कारापेक्षा बेजबाबदारपणा जास्त दिसला. आता २०२१ च्या कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असं बांधून दिलं आहे. बीज देणारी २३ ते ३५ वर्षांची हवी आणि तिने आयुष्यात एकदाच द्यावं. इथेही पस्तीस! पण इथल्या पस्तिशीला बीजाच्या वयाचं थेट कारण आहे.

सिनेमातली नटी पन्नाशीत आई झाली की तिचं बीज कुणाचं हे आपल्याला कळत नाही, आणि कळण्याचं काही कारणही नाही. फक्त तिच्याकडे पाहून आपलं वेळापत्रक ठरवू नये.

देहाचं वय

आता दुसरं वय. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, आणि हृदयाला ते सगळं फिरवावं लागतं. वार रुजताना गर्भाशयातल्या अरुंद रक्तवाहिन्यांची भिंत बदलून त्या रुंद, सैल कराव्या लागतात. वार जी द्रव्यं सोडते त्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. पंचविशीत हे सगळं बहुधा निभतं. चाळिशीत रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, वजन वाढलेलं असतं, स्वादुपिंडाची ताकद थोडी कमी झालेली असते.

त्यातून तीन-चार गोष्टी वाढतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर जाणं आणि लघवीतून प्रथिनं जाणं, ज्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. गरोदरपणातला मधुमेह. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर येणं. गर्भाशयातल्या गाठी. जुळंही वाढतं, आणि तेही आयव्हीएफ न करता: बीजं कमी उरली की मेंदूतून बीज पिकवणारं संप्रेरक जास्त सुटतं आणि कधीकधी दोन बीजं एकदम पिकतात.

या यादीतल्या मोठ्या दोन धोक्यांवर इलाज आहे. प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांना बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी मात्रा दिली, तर महिने भरण्याआधी होणारा, म्हणजे सर्वांत घातक प्रीएक्लॅम्प्सिया निम्म्याहून कमी होतो, असं २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. ही गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यायची, पण आपल्याला लागेल का हे तिसऱ्या महिन्यात आपण होऊन विचारायला हरकत नाही. सहाव्या महिन्यात विचारलं तर तिचा फारसा उपयोग नाही. मधुमेहासाठी पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर आहार आणि चालणं, गरज पडली तर औषध. पहिल्यांदा ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

पोटात बाळ दगावण्याची भीती सर्वांत मोठी, म्हणून तिचा आकडा नीट पाहू. ब्रिटिश तज्ज्ञांच्या २०१३ च्या अहवालानुसार ३९-४० आठवड्यांना हे प्रमाण पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांत हजारात एक आणि चाळिशीपुढच्यांत हजारात दोन. 'दुप्पट धोका' हे शब्द रात्रीची झोप उडवतात. 'हजारात दोन' ऐकल्यावर निदान विचार करता येतो. म्हणूनच चाळिशीतल्या स्त्रीला तारखेच्या पुढे थांबवत नाहीत, एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणण्याचा सल्ला देतात. कळा आणल्या की सिझर होतंच, अशी आपल्याकडे समजूत आहे. ब्रिटनमध्ये पस्तिशीपुढच्या ६१९ पहिलटकरणींवर हे तपासून पाहिलं. कळा आणलेल्यांत सिझर ३२ टक्के, वाट पाहिलेल्यांत ३३ टक्के.

यावरून एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. केवळ वय हे सिझरचं कारण होऊ शकत नाही. आपल्याकडे उशिराच्या किंवा आयव्हीएफच्या बाळाला 'प्रेशस बेबी' म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्या एका शब्दावर पहिल्याच भेटीत सिझरची तारीख ठरते. बाविसाव्या वर्षी झालेलं बाळ काय कमी मोलाचं असतं? वार खाली आहे, बाळाची वाढ खुंटली आहे, दाब आवरत नाही, ही कारणं झाली. ती नसतील तर 'सिझर कशासाठी?' हे विचारण्याचा हक्क आहे.

परदेशी आकडे, आपलं शरीर

या लेखातले बरेच आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत. ते आपल्याला जसेच्या तसे लागू होतात का? बीजाच्या आतली झीज सगळीकडे सारखीच. पण भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रियांची एक्कावन्नच्या आसपास. मधुमेहही आपल्याला त्यांच्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या बैठ्या नोकरीतल्या पस्तिशीच्या मुलीने स्वीडनच्या पस्तिशीवर फार विसंबू नये. बीजाचं वय तिच्या हातात नाही. साखर, रक्तदाब आणि वजन बऱ्याच अंशी आहे.

बापाचं वयही निर्दोष नाही. शुक्रजंतू नवे बनतात, पण ज्या पेशींपासून बनतात त्या सतत विभागत असतात आणि दर विभागणीत नक्कल करताना चुका होतात. आइसलँडमध्ये २०१२ साली मोजलं तेव्हा बापाच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल वाढलेले आढळले. बहुतेक निरुपद्रवी, काही नाहीत.

आणि उशिरा आई होण्यात सगळं वजाच आहे असंही नाही. साठ ते नव्वदच्या दशकात जन्मलेल्या स्वीडिश भावंडांची तुलना केली तेव्हा आईच्या मोठ्या वयात जन्मलेली भावंडं जास्त शिकलेली निघाली, कारण ती नंतरच्या, अधिक सुबत्तेच्या काळात वाढली.

ठरवायचं असेल तर

एएमएच ही रक्ततपासणी हल्ली पॅकेजमध्ये विकली जाते. किती बीजं उरली याचा अंदाज ती देते, त्यांच्या प्रतीबद्दल काहीच सांगत नाही. ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या अमेरिकी स्त्रियांत एएमएच कमी असलेल्यांनाही इतरांइतकेच दिवस राहिले, असं २०१७ मध्ये दिसलं. आकडा कमी आला म्हणून घाबरून घाईत आयव्हीएफकडे धावू नये. आकडा चांगला आला म्हणून पाच वर्षं निर्धास्तही राहू नये. बीजं गोठवून ठेवायची तर पस्तिशीच्या आत; चाळिशीत गोठवलेलं बीज चाळिशीचंच राहतं, आणि गोठवलेल्या बीजातून मूल होईलच याची हमी कुठलंही केंद्र देऊ शकत नाही.

मूल हवं असं ठरलं की दिवस राहण्याआधीच एकदा तपासून घ्या: रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. फॉलिक ॲसिडची गोळी प्रयत्न सुरू करण्यापूर्वीपासून घ्यावी, कारण बाळाचा मणका बंद होतो तो पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने वाट पाहा, आणि चाळिशी आली असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. जाताना नवऱ्यालाही सोबत न्या. दिवस न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारण पूर्णपणे किंवा अंशतः त्याच्याकडे असतं, आणि त्याची वीर्यतपासणी ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी तपासणी आहे. ती आधी करा.